गोळी आणि अर्धा कप चहा

माझ्याविषयी शाळेत दोन गोष्टी सगळ्यांना माहीत होत्या. बाई मारकुट्या आहेत, आणि बाईंच्या हातचा चहा फक्कड असतो. पहिली गोष्ट निम्मी खोटी होती. दुसरी पूर्ण खरी होती, आणि आज लिहायला बसले आहे ते तिच्यापायीच.

शाळा हातकणंगले तालुक्यातल्या एका गावात, जिल्हा परिषदेची, सातवीपर्यंतची. मी कोल्हापूरहून रोज एसटीनं जायचे. नव्वदचं दशक उतरणीला लागलं होतं. शाळेत शिजवलेली खिचडी अजून यायची होती. ज्याची हजेरी भरेल त्याला महिन्याला तीन किलो तांदूळ घरी न्यायला मिळायचा. तांदूळ पोराच्या नावाचा, पण पोराच्या पोटात किती जायचा कुणास ठाऊक. घरात सात-आठ माणसं, तो सगळ्यांच्या पातेल्यात पडायचा, आणि पावणं आलं तर आधी पावण्याच्या ताटात. वाटपाच्या दिवशी वर्ग गच्च भरायचा. दुसऱ्या दिवशी निम्मी बसकरं रिकामी.

आमचा भाग उपाशी नाही. परक्या माणसाला ही गोष्ट समजावून सांगणं फार अवघड जातं. चहूकडं ऊस, दारात म्हैस, सकाळ-संध्याकाळ किटल्या घेऊन डेअरीपुढं रांग. आणि माझ्या वर्गातल्या मुली मात्र प्रार्थनेला उभ्या राहिल्या की एखादी तरी मटकन खाली बसायची. "बाई, डोळ्यांपुढं अंधारी आली." सुरुवातीला मला ते ढोंग वाटायचं. पाढे पाठ नसले की अंधारी येते, असं मी सगळ्यांसमोर म्हणायचे आणि पोरं हसायची. स्वतःच्या विनोदावर मी खूश असायचे.

आरोग्य केंद्राचे डॉक्टर वर्षातून एकदा जीपमधून यायचे. पोरांना रांगेत उभं करून जीभ बघायची, दात बघायचे, खालची पापणी बोटानं ओढून आतला रंग बघायचा. आत लाल दिसायला हवं. आमच्या मुलींच्या पापण्यांत पांढरं दिसायचं. डॉक्टर "रक्त कमी, रक्त कमी" म्हणत पुढं सरकायचे आणि मी वहीत लिहीत जायचे. शेवटी हात दुखायला लागला तेव्हा मी वर एकदा लिहून खाली नुसत्या रेघा ओढल्या.

त्या वर्षी रांगेत एका मुलीपाशी डॉक्टर थांबले. सातवीत नुकतीच आलेली, शेतकऱ्याच्या घरची, वर्गात सगळ्यात उंच, आणि अक्षर असं की मी तिच्याकडून फळ्यावर सुविचार लिहून घ्यायचे. खेळाच्या तासाला ती कधी पळायची नाही. "मी गुन लिवतो बाई," म्हणून पायरीवर बसायची. आमच्याकडं पोरीबायकाही 'मी येतो, मी जातो' असंच बोलतात. डॉक्टरांनी तिच्या छातीला नळी लावली ती काढीचनात. मग मला बाजूला घेऊन म्हणाले, हिला कोल्हापूरला मोठ्या दवाखान्यात न्या, आईबापांना सांगा, टाळाटाळ नको.

आईबाप मलाही बरोबर घेऊन गेले. बाप गप्प माणूस, दवाखान्याच्या भिंतीला टेकून उभा राहायचा. आई बोलायची. मोठ्या डॉक्टरांनी सांगितलं ते असं, की लहानपणी कधीतरी सांधे सुजून ताप आला असेल, त्यात हृदयाची झडप बिघडली आहे. ऑपरेशन लागेल. मुंबईचे सर्जन दिवाळीनंतर येतात, तेव्हा यादी करतात, आणि यादीत नाव आलं तर पुढचं सगळं होऊन जाईल. पण या मुलीच्या अंगात रक्तच नाही. साडेसहा आहे. दहाच्या वर आणा, तरच नाव घालतो. त्याशिवाय कुणी तिला हात लावणार नाही.

"आनी न्हाई झालं तर?" आईनं विचारलं.

डॉक्टर म्हणाले, होईल, चार महिने आहेत हातात. लोहाच्या गोळ्या द्या. सकाळी एक, संध्याकाळी एक. चुकवू नका.

बाहेर आल्यावर आईनं गोळ्यांची पुडी माझ्याच हातात ठेवली. "बाई, तुमीच द्या. घरात कोन बघनार? मी रानात, ह्यो रानात. ही पोरगी तर आसली, दिली तर खाईल, न्हाईतर फेकून दील." मी म्हणाले, द्या माझ्याकडं, मी बघते. मला त्यात अभिमान वाटला हे लपवत नाही. घरच्या माणसांपेक्षा माझ्यावर विश्वास टाकला होता.

सकाळची गोळी शाळा भरल्यावर, संध्याकाळची सुटताना, असं मी ठरवलं. पहिल्या दिवशी पाण्याबरोबर दिली. पाच मिनिटांत ती बाहेर जाऊन ओकली. दुसऱ्या दिवशी तेच. सकाळी काय खाऊन आलीस विचारलं तर म्हणाली, च्या. त्याच्याबरोबर? त्याच्याबरोबर काय न्हाई. तिसऱ्या दिवशी मी तिला माझ्या डब्यातली अर्धी पोळी दिली, ती तिनं लाजत खाल्ली, पण गोळी काही पोटात ठरेना.

आता चहाचं सांगायला हवं. आम्ही बौद्ध. वडिलांच्या लहानपणीच घरानं धर्म बदलला, पण त्यांच्या गावच्या स्टँडवरच्या हॉटेलानं आपली रीत काही लगेच बदलली नाही. आमच्या माणसांचा कप बाहेर वळचणीला ठेवलेला असायचा. आपणच घ्यायचा, आपणच विसळून परत ठेवायचा. वडिलांनी एक दिवस बाहेर चहा पिणंच सोडलं, ते शेवटपर्यंत. कचेरीत नाही, लग्नात नाही, कुठंच नाही. घरी मात्र दिवसातून चार वेळा आधण ठेवायला लावायचे आणि दारात येईल त्याला बसवून पाजायचे. कुणी "नको" म्हणालं की त्यांचा चेहरा उतरायचा. मी त्यांचीच मुलगी.

मी नोकरीला लागले तोवर काळ पुष्कळ बदलला होता. तोंडावर कुणी काही बोलत नसे. मुख्याध्यापक माझ्या हातचा चहा मिटक्या मारत प्यायचे. पण गावात कुणाच्या घरी हजेरीसाठी गेले की माझ्यासाठी चहा टाकायला जरा उशीर व्हायचा, आणि मग आतून आवाज यायचा, "ऱ्हाऊ द्या, बाईंची गाडी चुकंल." मी लगेच म्हणायचे, हो हो, गाडी चुकेल. गाडीला अजून तास असायचा. मी स्टँडवर जाऊन बसायचे आणि मनातल्या मनात सगळ्या गावाला शिव्या घालायचे.

तर चौथ्या दिवशी मी त्या मुलीला ऑफिसात बोलावलं. कोपऱ्यात स्टोव्ह होता, त्यावर शिक्षकांचा चहा व्हायचा. मी तिला अर्धा कप चहा दिला, गरम, गोड, भरपूर उकळलेला. ती कपाकडं बघत उभी राहिली. मला वाटलं, घेत नाही आता. घरी काय सांगितलं असेल ते सांगितलं असेल. ती म्हणाली, "लई गरम हाय बाई," आणि बशीत ओतून फुर्रकन प्याली. गोळी आत गेली. दहा मिनिटं मी तिला समोर बसवून ठेवलं. ओकली नाही.

झालं. मला उपाय सापडला. सकाळी अर्धा कप, संध्याकाळी अर्धा कप. गोळीच्या कडवटपणावर साखर, मळमळीवर आलं. बाकीच्या मुलींसाठीही आरोग्य केंद्राकडून गोळ्यांचा डबा आला होता. त्या गोळ्यांनी परसाकडला काळं होतं म्हणून गावात बोंब उठली होती, अर्ध्याअधिक मुली गोळी जिभेखाली धरून मुतारीमागं थुंकत होत्या. चहाची बातमी लागली तशा त्या स्वतःहून रांगेत आल्या. मी मोठं पातेलं आणलं. पत्ती घरून आणायचे, आणि चहाला जोर यावा म्हणून चांगला तांबडा होईस्तोवर उकळायचे. मुख्याध्यापक चेष्टा करायचे, "बाई, आता शाळेच्या फाटकावर हॉटेलची पाटी लावू या." मी म्हणायचे, लावा की, पण गल्ल्यावर मी बसणार.

आठवड्याभरानं त्या मुलीची आई शाळेत आली. भर दुपारी, डोक्यावर पदर, हातात काहीतरी झाकलेलं. मी खुर्चीतून उठले. आली भांडायला, असंच वाटलं. काय बोलायचं ते मी मनात जुळवायला लागले, आणि बोलायला मी काही कमी नव्हते. तिनं हातातला तांब्या टेबलावर ठेवला. वर केळीच्या पानाचा तुकडा झाकलेला. आत दूध होतं.

"च्यात घाला," ती म्हणाली. "पोरगी म्हनती, बाईंच्या च्यात दूध कमी पडतंय. एवढ्या पोरींना तुमी कुठनं पुरिवनार?"

त्या दिवशी एसटीत मी खिडकीकडं तोंड करून रडले. वडील तोवर गेले होते. त्यांना हे सांगता आलं नाही याचं वाईट वाटत होतं आणि आनंद तर मावत नव्हता. एका शेतकऱ्याच्या घरची बाई आपल्या म्हशीचं दूध माझ्या हातच्या चहात घालायला आणून देत होती. माझ्या लेखी त्या दिवशी फार मोठं काहीतरी घडलं होतं. मुलीच्या अंगात रक्त चढतंय की नाही हे त्या आनंदात थोडं मागं पडलं. आज मला ते स्पष्ट दिसतं.

दूध रोज यायला लागलं. त्याच घरात त्या मुलीला मात्र दूध मिळत नव्हतं हे मला ठाऊक होतं. थोरला भाऊ तालमीत जायचा, त्याला धारेचं तांब्याभर. बाकीचं डेअरीला. मुलगी स्वतः धार काढायची, स्वतः किटली घेऊन जायची. मी एकदा आईला म्हणाले, हिला पण कपभर देत जा की. ती म्हणाली, "देतो की, च्यातनं देतो." तिच्याकडून आलेला तांब्या मला प्रिय होता. तो बंद पडेल असं काही मला बोलायचं नव्हतं.

रविवारी आणि सुट्टीत गोळ्या घरी द्यायच्या असायच्या. आईनं विचारलं, कशाबरुबर देऊ? मी म्हणाले, चहाबरोबर द्या, मी तशीच देते, चांगली ठरते. माझे शब्द मला अजून ऐकू येतात.

गणपती झाल्यावर रक्त तपासलं. सहा पूर्णांक आठ. डॉक्टरांनी कागद बघितला, माझ्याकडं बघितलं. "गोळ्या देताय ना?" मी म्हणाले, रोज, माझ्या डोळ्यांसमोर. त्यांना खोटं वाटलं असणार. म्हणाले, मुली फसवतात, तोंडात धरून ठेवतात, बघत जा. गोळीत काही खोट असेल अशी शंका मलाही आली नाही, चहाची तर नाहीच. कशाबरोबर देता, हे त्यांनी विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही. दवाखान्याबाहेर माणसांचा समुद्र होता.

दुसऱ्या दिवशी गोळी दिल्यावर मी त्या मुलीला तोंड उघडायला लावलं. जीभ वर कर. गाल दाखव. सगळ्या मुलींसमोर. पंधरा दिवस रोज. एकदा मला वाटलं तिनं मुठीत काहीतरी लपवलंय, म्हणून मी तिच्या हातावर पट्टी मारली. मूठ उघडली तर रबराचा तुकडा होता. ती म्हणाली, "घेतो की वो बाई. तुमच्याम्होरंच तर घेतो." तिच्या डोळ्यांत पाणी नव्हतं. तिला फक्त कळत नव्हतं की बाई अशा का करतात. मी माफी मागितली नाही. शिक्षकांनी माफी मागायची असते हे त्या वेळी माझ्या डोक्यातच नव्हतं.

मग मी मारायचं सोडलं आणि दुसऱ्या टोकाला गेले. अर्ध्याचा पूर्ण कप केला. गोळी अंगी लागत नसेल तर निदान चहातली साखर तरी लागेल, असा काहीतरी हिशोब होता. ती माझ्यासमोर कप संपवायची आणि हसून म्हणायची, "आता बघा बाई, दहा हुतंय." शाळेच्या फाटकाबाहेर एक म्हातारी टोपलीत पेरू घेऊन बसायची. मुलींनी पेरू खाल्ला तर खोकला होतो म्हणून मी त्यांना ओरडायचे.

दिवाळीआधी पुन्हा रक्त बघितलं. सात. नुसतं सात.

सर्जन आले, यादी झाली, यादीत तिचं नाव नव्हतं. डॉक्टर वाईट माणूस नव्हते. म्हणाले, पुढच्या वर्षी बघू, रक्त वाढवा. बाप भिंतीला टेकून उभा होता. मी एकटीच बडबडत होते, की साहेब, एकदा नाव तर घाला, मग आम्ही वाढवतो, मी स्वतः जबाबदारी घेते. त्यांनी ऐकून घेतलं आणि पुढच्या माणसाला बोलावलं.

पुढचं वर्ष तिला मिळालंच नाही. थंडीत तिला खोकला झाला, मग पाय सुजले, मग जिना सोडाच, उंबरा चढला तरी धाप लागायला लागली. शाळेत यायची बंद झाली. मी तिच्या घरी जायचे, गोळ्यांची पुडी घेऊन. आता माझ्यासाठी चहा टाकायला उशीर होत नसे. आई मला आत, चुलीपुढं बसवायची. मुलगी अंथरुणावर उशांना टेकून बसलेली असायची, आडवं झालं की तिला गुदमरायचं. तिथंही मी तिला गोळी दिली, तिथंही चहाबरोबर. एका सकाळी घरचे तिला जीपमध्ये घालून कोल्हापूरला न्यायला निघाले आणि गाव सोडून फार लांब जायच्या आत परत फिरावं लागलं. मी शाळेत पोचले तेव्हा मुख्याध्यापकांनी घंटा दिली होती आणि पोरं घरी चालली होती.

आईनं गावभर सांगितलं, बाईंनी माझ्या पोरीला रोज स्वतःच्या हातानं गोळी दिली, सख्ख्या मावशीनं केलं नसतं एवढं केलं. मला ते ऐकून बरं वाटायचं. दुःख होतंच, पण त्यात असं एक समाधान होतं, की आपण आपलं केलं. दोन-तीन वर्षं मी त्या समाधानावर काढली.

मग आमचं एक प्रशिक्षण झालं, शाहूपुरीतल्या एका हॉलमध्ये. शाळेत खिचडी सुरू व्हायची होती, त्याबरोबर मुलांच्या आरोग्याविषयी दोन शब्द. एक तरुण डॉक्टरीण बोलत होत्या. मागच्या रांगेत शिक्षक डुलक्या काढत होते, मी सँडलचा पट्टा सैल करून बसले होते. त्या म्हणाल्या, लोहाची गोळी लिंबू-सरबताबरोबर द्या, पेरू द्या, आवळा द्या. चहाबरोबर अजिबात देऊ नका, चहाच्या आगेमागे तासभर तरी देऊ नका. चहा लोहाला अंगात जाऊ देत नाही.

मी हात वर केला. उभी राहिले. "आणि चहाबरोबर दिली तर?"

"तर बरीचशी वायाच गेली म्हणायची," त्या म्हणाल्या आणि पुढच्या मुद्द्याकडं वळल्या.

कार्यक्रम संपल्यावर मी त्यांना गाठलं. उकळलेला चहा असेल तर? रोज दोन वेळा असेल तर? त्या सावकाश बोलल्या. एवढ्या एका गोष्टीनं सगळं होत नाही, म्हणाल्या. पोटात जंत असतील, अनवाणी उसात फिरतात मुली. मुळात खायलाच काही नसेल. गोळीतलं थोडं तरी गेलंच असेल. मग माझ्याकडं बघून विचारलं, "तुम्ही कुणाला दिली होती का?"

"नाही," मी म्हणाले. "सहज विचारलं."

हॉलबाहेर येऊन मी रस्त्याच्या कडेला उभी राहिले. किती कप झाले असतील याचा हिशोब करायला लागले आणि मध्येच सोडून दिला. जंत असतील, अन्न नसेल, हे सगळं खरं असेल. पण जंत मी घातले नव्हते. चहा मी दिला होता. आणि का दिला होता तेही मला ठाऊक होतं. ओकारी थांबावी म्हणून तर दिलाच, पण कुणीतरी माझ्या हातचा प्यावा म्हणूनही दिला. वडिलांच्या वळचणीच्या कपाचा सूड मी बिचाऱ्या एका पोरीच्या पोटात उकळत ठेवला होता. आणि वर तिच्या हातावर पट्टी मारली होती.

त्यानंतर मी शाळेत पातेलं चढवलं नाही. मुलींना गोळी पाण्याबरोबर द्यायचे. त्या पुन्हा मुतारीमागं थुंकायला लागल्या. लिंबं मी काही दिवस घरून नेली, मग ती बंद पडली. खिचडी सुरू झाली, तिचं काय व्हायचं ते झालं. मुलींच्या पापण्या पांढऱ्याच राहिल्या. डॉक्टर जीपमधून येत राहिले, मी वहीत रेघा ओढत राहिले.

माझी बदली झाली तेव्हा निरोप घ्यायला मी त्या घरी गेले. खरं तर सांगायला गेले. हे कुणाला तरी सांगितल्याशिवाय मला चैन पडणार नव्हतं, आणि सांगायचं तर त्या बाईलाच सांगायला हवं होतं. मला वाटलं होतं, ती चिडेल, शिव्या देईल, दारातून हाकलेल. शिव्या खायची माझी तयारी होती. किंबहुना मला त्याच हव्या होत्या.

दुपार होती. बाप रानात होता. तिची धाकटी मुलगी शाळेतून आलेली, दहा-अकरा वर्षांची, भिंतीला टेकून कपबशी आणि भाकरी घेऊन बसली होती. भाकरी चहात बुडवून खात होती. आईनं मला बघितलं, बसा बसा केलं आणि माझ्यासाठी ताजं आधण ठेवलं. चहा आला. मी कप हातात घेतला आणि सांगायला लागले. गोळीचं, चहाचं, डॉक्टरीण काय म्हणाली त्याचं. मी एकही गोष्ट लपवली नाही. पट्टी मारली होती तेही सांगितलं. माझी चूक झाली, म्हणाले. मला माहीत नव्हतं, पण चूक माझीच.

तिनं सगळं ऐकून घेतलं. मध्ये एकदाच विचारलं, "च्यानं रगात चढत न्हाई?"

"चढायला आडवं येतं."

तिला राग आला नव्हता. माझा तर तिच्या मनात विचारही नव्हता.

"मंग बाई, तुमचा आर्धा कप त्यो कितीसा," ती म्हणाली. "आमी तर तिला दात आल्यापास्नं च्याच पाजला की. दूध डेअरीला. भूक लागली म्हनली की च्या, रडली की च्या. भाकरीसंगं च्या, सकाळी च्या, शाळंतनं आली की च्या. तिचं सगळं प्वाट आमी च्यावरच भरलं."

मी घाईघाईनं म्हणाले, तसं नाही, तुमचा काय दोष, तुम्हाला कुणी सांगितलं नव्हतं. ती मान हलवत होती, पण माझं काही तिच्या कानात शिरत नव्हतं. ती मागं मागं जात होती, एकेक कप आठवत. मी माझं ओझं उतरवायला आले होते आणि ते नेमकं तिच्या डोक्यावर ठेवलं होतं. माझ्या डोक्यावरचं तसूभरही कमी झालं नव्हतं. मी बोलायला नको होतं. एवढं मला कळलं, आणि तेव्हा फार उशीर झाला होता.

मग ती एकदम उठली. धाकटीपाशी गेली आणि तिच्या हातातली कपबशी काढून घेतली. धाकटी "आगं आये" म्हणाली, तोंडात भाकरी तशीच. आईनं चहा मोरीत ओतला. कप विसळून पालथा घातला. मग घरात इकडंतिकडं बघायला लागली. शिंकाळ्यावर हात घातला, दुरडी उचलून बघितली, चुलीशेजारचं पातेलं हलवून बघितलं. सकाळची किटली डेअरीला गेली होती, संध्याकाळची धार अजून व्हायची होती. पेरू द्या, लिंबू द्या, पालेभाजी द्या, असं मी म्हणत होते. माझा आवाज मला प्रशिक्षणातल्यासारखा ऐकू येत होता.

तिला काही सापडलं नाही. ती खाली बसली. धाकटीनं थोडा वेळ आईकडं बघितलं, थोडा वेळ माझ्याकडं. मग तांब्यातलं पाणी ताटलीत ओतलं आणि भाकरीचा तुकडा त्यात बुडवून खायला लागली.